आधी नळीचा व्यास पाहा



'इनटेक बदलला की ईसीयू ट्यूनिंग हवंच' हे गेल्या अंकातल्या पत्रातलं विधान सरसकट पटत नाही. हवेच्या फिल्टरच्या मूळ डब्यात नुसता नवा फिल्टर बसवला असेल, तर ट्यूनिंगवर पैसे घालवू नका. खरा प्रश्न हवेचा प्रवाह मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाड्यांत इनटेकची नळी बदलण्याचा आहे. सेन्सरमधली तापलेली तार वाहत्या हवेने किती गार होते, त्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, मूळ नळीचा व्यास गृहीत धरून हवेचं वजन काढतो. नळी रुंद झाली की तेवढीच हवा संथ वाहते, तार कमी गार होते, पेट्रोल कमी सुटतं. एरवी ऑक्सिजन सेन्सर ही तूट भरून काढतो. पण पूर्ण थ्रॉटलला बऱ्याच गाड्यांत ही दुरुस्ती थांबते आणि कमी पेट्रोलमुळे होणाऱ्या नॉकिंगने पिस्टनची वाट लागू शकते. तिथे मात्र ट्यूनिंग टाळू नये. विक्रेत्यांनी सेन्सरजवळचा व्यास इनटेकच्या खोक्यावर छापावा.

— एक मेकॅनिक, कोल्हापूर