सिस्टरांपर्यंत निरोप पोहोचतो का?

कंत्राटी भरतीविरुद्ध राज्यातल्या परिचारिका २०२२ च्या मे महिन्यात संपावर गेल्या, तेव्हा पदभरतीची चर्चा झाली. ती हवीच. पण वॉर्डात रोज मनस्ताप देणारी आणखी एक गोष्ट आहे. डॉक्टर राउंडवर औषध बदलतात, केसपेपरवर घाईने खरडतात आणि निघून जातात. सिस्टरला ते कळतं नातेवाइकाच्या ओरडण्यातून. ड्युटीचा पुढचा महिना कसा, बदली कुठे, हे तिला व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर समजतं. तिने केलेली तक्रार मात्र इन्चार्ज, मेट्रन, अधीक्षक अशी वर चढता चढता विरून जाते.

हा संवाद नीट असला तर काय होतं? अमेरिकेत परिचारिकांची टंचाई असताना १९८३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार तिथल्या ४१ रुग्णालयांत मात्र परिचारिका टिकून होत्या. वरिष्ठ सहज भेटत, निर्णयात परिचारिकांचं मत धरलं जाई, ही त्यामागची ठळक कारणं होती.

आपल्याकडे अशा संवादासाठी वेगळा निधी लागत नाही. राउंडला वॉर्डची सिस्टर सोबत असावी आणि पाळी बदलताना रुग्णाची माहिती त्याच्या खाटेशेजारीच सांगावी. तिच्या तक्रारीला लेखी उत्तर द्यायची मुदत आरोग्य खात्याने ठरवून द्यावी.