जाता जाता येणारा पाऊस

पितृपक्ष सरत आला की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, "अजून हा पाऊस जात कसा नाही?" छत्री माळ्यावर टाकावी, तर संध्याकाळी हमखास भिजायला होते. दोरीवरचे कपडे काही केल्या वाळत नाहीत. श्रावणसरींचे कौतुक करणारी माणसेही या परतीच्या पावसाला वैतागतात.

खरे तर हा पाऊस बराचसा वेळ पाळून येतो. हवामान खात्याने २०२० मध्ये सुधारलेल्या तारखांनुसार मान्सून वायव्य राजस्थानातून १७ सप्टेंबरच्या सुमारास माघारी निघतो आणि मुंबईचा निरोप घेतो साधारण ८ ऑक्टोबरला. या दिवसांत सकाळी बहुधा लख्ख ऊन पडते. ओली जमीन तापते, दमट हवा वर चढते, दुपारी ढग जमतात आणि संध्याकाळी गडगडाटासह सर कोसळते. हे वेळापत्रक ओळखले की निम्मा वैताग कमी होतो. कपडे, गाद्या, कडधान्ये सकाळच्या उन्हाला आणि संध्याकाळ घरातल्या माणसांना!

आपल्या आज्या-पणज्यांनी हेच केले. २७ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य हस्त नक्षत्रात जातो. या नक्षत्राचा पाऊस हत्तीसारखा धो धो. म्हणून पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती मुलींनी फेर धरायचा आणि शेवटी डबा खडखडवून खिरापत ओळखायची. कुठे सोळा दिवसांचा हादगा, कुठे नवरात्रातला भोंडला, तर वऱ्हाड-खानदेशात भुलाबाई. सासरचे गाऱ्हाणे एरवी ओठांवर आणता येत नसे, ते सासुरवाशिणी या गाण्यांतून हसत हसत मांडून मोकळ्या होत.

आता अनेक ठिकाणी भोंडला एखाद्या सभागृहात एका संध्याकाळपुरता उरला आहे. त्यात गैर काहीच नाही. पण घरातल्या पाटाभोवती तो व्हायला खर्च तरी कितीसा येतो? बाहेर सर सुरू झाली की टीव्ही, मोबाइल तासभर बाजूला ठेवावेत. शेजारच्या चार मुलींना, हो, मुलांनाही हाक मारावी. ज्यांना गाणी येतात अशा आजीला मध्ये बसवावे. खिरापतीला वाटली डाळ असो की साधे चुरमुरे, ओळखण्याची गंमत तीच. वर गवती चहा-आले घातलेला चहा आणि तव्यावरचे थालीपीठ.

मात्र ही सर सगळ्यांनाच सुखाची नसते. कापणीला आलेले भात तिच्याने आडवे होते, काढून ठेवलेले सोयाबीन भिजते. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यातल्या असंख्य शेतकऱ्यांच्या तोंडचा घास पावसाने हिरावला. म्हणून फेर संपल्यावर गावाकडे एक फोन जरूर लावावा. "कापणी झाली का? झाकायला ताडपत्री आहे ना?" एवढे विचारले तरी पलीकडच्या माणसाला बरे वाटते.