फी भरण्याआधी एवढं विचारा
परवा शेजारच्या वहिनी रडवेल्या होऊन आल्या. शिवणकामाचे पैसे साठवून एका खासगी वर्गाचं प्रमाणपत्र मिळवलं, आणि नोकरीच्या ठिकाणी ते चाललंच नाही. भगिनींनो, कागदावर सोनेरी शिक्का असला म्हणजे तो विद्यापीठाचा होत नाही, बरं का! म्हणून फी भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. प्रमाणपत्र कोण देणार? श्रेयांक किती? पुढे पदवीला ते धरतात का? उत्तर लेखी घ्यावं.

आपलं यवतमाळ अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतं. शिवाय नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घर सांभाळून शिकणाऱ्यांसाठी आहेच. आणि लेकीसुनांसाठी आणखी एक सोय. २०२० च्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या पदवीत पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक आणि ४ श्रेयांकांचा व्यवसाय अभ्यासक्रम पुरा केला, तर मध्येच थांबावं लागलं तरी प्रमाणपत्र मिळतं. तीन वर्षांच्या आत परतून पुढे शिकताही येतं. तेव्हा लग्न ठरलं म्हणून परीक्षा बुडवू देऊ नका.

वहिनींना म्हटलं, “पैसे गेले, हातातली कला तर गेली नाही ना? पुढच्या खेपेला फॉर्म आपण दोघी मिळून वाचू.”