बोट काचेवर, नजर कुठे?

आरोग्याच्या सदरात महागड्या मोटारगाडीची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण रक्तदाब आणि मधुमेह माणसाला वर्षानुवर्षे पोखरतात. रस्त्यावर मात्र दोन सेकंदांत होत्याचे नव्हते होते. शिवाय अशा गाड्या आता मुंबई-पुण्यापुरत्या राहिलेल्या नाहीत. २०१० साली औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) मंडळींनी एकजुटीने एकदम १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या, ती बातमी देशभर गाजली होती. आज तालुक्याच्या गावीसुद्धा डॉक्टर, कंत्राटदार, बागायतदार यांच्या दारात अशी गाडी दिसते. समृद्धी महामार्गासारखा रस्ताही आता हाताशी आहे. तेव्हा हा विषय आपल्या अंगणात आलेला आहे.

या गाड्यांत जुन्या पद्धतीची बटणे जवळजवळ नाहीत. समोर एक मोठा काचेचा पडदा असतो. गाणी, फोन, नकाशा, एसी, बसण्याच्या जागेची उंची, सगळे त्या पडद्यावर बोट लावून करायचे. गेल्या काही महिन्यांत माझ्या दवाखान्यात मान आखडते, संध्याकाळी डोके जड होते, अशी तक्रार घेऊन आलेल्या तिघा-चौघांकडे अशी नवी गाडी होती. त्यांतले एक अडत व्यापारी, वय अठ्ठावन्न, मला म्हणाले, “डॉक्टरसाहेब, गाडी लोण्यासारखी चालते. पण एसी कमी करायचा तर तीन ठिकाणी बोट लावावे लागते. पोरगा म्हणतो, आप्पा, होईल सवय.”

“होईल सवय” हे वाक्य घरोघरी ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. ते का, हे समजून घेतले पाहिजे.

सवय कशाला लागते?

स्वयंपाक करणारी गृहिणी बोलता बोलता गॅसची कळ बारीक करते, तिकडे पाहत नाही. पेटीवादक गायकाच्या तोंडाकडे पाहतो, पट्ट्यांकडे नव्हे. मी रक्तदाब तपासतो तेव्हा माझे डोळे काट्यावर आणि कान ठोक्यांवर असतात. फुग्याचा स्क्रू बोटे आपोआप फिरवतात. हे सारे लहान मेंदू आणि मेंदूच्या तळाशी असलेली काही केंद्रे सांभाळतात. वस्तू ठरलेल्या जागी असेल, तिला आकार असेल, दाबल्यावर किंवा फिरवल्यावर बोटाला काही जाणवत असेल, तर पुरेशा सरावाने हे काम डोळ्यांकडून हाताकडे जाते. आपण त्याला “हात बसला” असे म्हणतो.

गुळगुळीत काचेवर हात कसा बसणार? तेथे उंचवटा नाही, कड नाही. ज्या जागी आता फोनचे चित्र आहे, त्याच जागी पुढच्या पानावर गाण्याचे चित्र येते. बोट योग्य ठिकाणी पडले की नाही, हे डोळ्यांनीच पाहावे लागते. त्यातून कंपनीने गाडीतील प्रणाली सुधारून पाठवली की कालची चित्रे आज दुसरीकडे गेलेली असतात. कोणते काम कोणत्या पानावर आहे, हे सरावाने लक्षात राहते, एवढी सवय जरूर होते. पण न पाहता काम करण्याची सवय काचेवर होत नाही. यात आप्पांच्या वयाचा किंवा बुद्धीचा दोष नाही.

विमानशास्त्राने हा धडा फार पूर्वी घेतला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ विमानांचे वैमानिक उतरल्यानंतर पंखांच्या झडपांऐवजी चुकून चाके आत घेत आणि विमान जमिनीवर बसे. वैमानिक निष्काळजी आहेत असेच आधी वाटले. आल्फोन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिले की दोन्ही खटके शेजारी-शेजारी आणि एकसारखे आहेत. त्याने चाकांच्या खटक्यावर छोटे रबरी चाक बसवायला लावले, झडपांच्या खटक्यावर पाचरीसारखा तुकडा. बोटांना फरक कळू लागला. आजही प्रवासी विमानात चाकांच्या दांड्याची मूठ चाकाच्या आकाराची असते. आकाशात जे लागते, ते घाटातल्या वळणावर का लागू नये?

चाळिशीनंतरचे डोळे

चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होते. दूरच्या रस्त्यावरून जवळच्या पडद्यावर आणि पुन्हा रस्त्यावर नजर स्थिरावायला तरुणापेक्षा जास्त वेळ लागतो. त्यात दोन भागांचा, म्हणजे बायफोकल चष्मा असेल तर आणखी एक अडचण येते. वरच्या भागातून रस्ता दिसतो, खालच्या भागातून हातातले वर्तमानपत्र. गाडीचा पडदा या दोहोंच्या मध्ये, साधारण दोन-सव्वादोन फुटांवर असतो. तो कोणत्याच भागातून नीट दिसत नाही. मग माणूस हनुवटी वर करून, मान ताणून पाहतो. माझ्या रुग्णांच्या मानदुखीचे एक कारण मला येथे सापडले.

रात्री प्रखर पडद्याकडे पाहून अंधाऱ्या रस्त्याकडे पाहिले की काही क्षण समोरचे नीट दिसत नाही. दिवे नसलेली बैलगाडी, रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस याच क्षणी समोर येतो.

दोन सेकंदांचा हिशेब

ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. दोन सेकंद नजर खाली गेली, तर ४४ मीटर रस्ता न पाहता कापला. समृद्धीवर ताशी १२० च्या वेगाने हेच अंतर ६६ मीटरच्या वर जाते. अमेरिकेत शंभर गाड्यांत कॅमेरे बसवून एक मोठा अभ्यास झाला. त्याचा २००६ मधील निष्कर्ष असा की दोन सेकंदांहून जास्त वेळ नजर रस्त्यावरून हटली तर अपघाताचा किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका किमान दुप्पट होतो. म्हणूनच २०१३ साली तेथील रस्तासुरक्षा खात्याने गाडी बनवणाऱ्यांना मार्गदर्शक सूचना दिल्या. पडद्यावरचे काम असे असावे, की एका वेळी नजर दोन सेकंदांहून जास्त हटू नये आणि सगळे मिळून बारा सेकंदांत उरकावे. पण २०१७ मध्ये युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी नव्या गाड्या तपासल्या, तेव्हा चालत्या गाडीत नकाशावर ठिकाण घालण्याच्या कामाला सरासरी चाळीस सेकंद लागत होते.

स्वीडनमधील एका मोटारविषयक मासिकाने २०२२ साली केलेली चाचणी मला फार बोलकी वाटते. ताशी ११० च्या वेगाने गाडी चालवत एसी, रेडिओ, दिवे यांसारखी चार साधी कामे करायची. चालकांना गाड्यांची ओळख करून घ्यायला आधी वेळ दिलेला होता. २००५ सालच्या, बटणे असलेल्या जुन्या व्होल्वोत ही कामे दहा सेकंदांत, ३०६ मीटर अंतरात झाली. सर्वांत मागे पडलेल्या नव्या पडदेवाल्या गाडीत सुमारे पंचेचाळीस सेकंद लागले आणि गाडी १,३७२ मीटर पुढे गेली.

महागड्या गाड्यांना हे कळलेले नाही असेही नाही. बीएमडब्ल्यू कंपनीने २००१ साली आपल्या मोठ्या गाडीत बरीचशी कामे एका गोल खटक्यावर आणली. गिऱ्हाइकांनी आणि परीक्षकांनी इतकी कुरकुर केली की पुढच्या आवृत्तीत नेहमीच्या कामांची बटणे खटक्याभोवती आली. आता मात्र काही नव्या गाड्यांतून तो खटकाही गेला. पडदा मोठा तितकी गाडी भारी, असा समज झाला आहे. मर्सिडीजच्या एका विजेवरच्या गाडीत २०२१ पासून ५६ इंची काच या टोकापासून त्या टोकापर्यंत मिळते.

दुसरी बाजू

पडदा नुसता वाईटच, असे मी म्हणणार नाही. मानेच्या मणक्यांचा त्रास असलेल्याला गाडी मागे घेताना पडद्यावर मागचे दृश्य दिसणे हे वरदानच आहे. गाडीमागे खेळणारे पोर त्यात दिसते. अनोळखी शहरात नकाशाने मनावरचा ताण कमी होतो. बोलून आज्ञा देण्याची सोयही बोट लावण्यापेक्षा बरी. पण तीही निर्धोक नाही. युटाच्याच संशोधकांना २०१५ मध्ये आढळले की बोलून काम केल्यावरही मनाची विचलितता काही वेळा २७ सेकंदांपर्यंत टिकते. डोळे रस्त्यावर आणि मन दुसरीकडे, हा अनुभव आपल्या सर्वांना आहे.

कायद्याचेही पाहा. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने हातात मोबाईल धरून गाडी चालवणे हे धोकादायक वाहनचालन ठरले. मोबाईल खाली ठेवला आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट पडद्यावर तेच काम केले, तर डोळ्यांना काय फरक पडतो? जर्मनीत कार्ल्सरूहच्या न्यायालयाने २०२० मध्ये, पावसात पडद्यावरून वायपरचा वेग बदलताना अपघात केलेल्या चालकाचा दंड कायम ठेवला. गाडीतला पडदा असला तरी नियम मोबाईलचाच, असे न्यायालयाने म्हटले. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅप संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न व तातडीच्या मदतीची सोय यांना स्वतंत्र बटणे किंवा खटके असल्याखेरीज पूर्ण गुण न देण्याचे ठरवले.

मग करायचे काय?

घरात अशी गाडी आली असेल, तर पुढील गोष्टी कराव्यात :

१) पहिले दोन-तीन दिवस रोज अर्धा तास गाडी अंगणात उभी करून नुसती शिका. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून मात्र बसू नका. त्या धुरातील विषारी वायूला वास नसतो.

२) पाचच कामे पक्की करा : समोरच्या काचेवरचे धुके घालवणे, वायपर, एसी, आवाज आणि फोन घेणे-तोडणे. स्टिअरिंगवर उंचवट्याची बटणे असतात. ती उभ्या गाडीत डोळे मिटून ओळखायला शिका. हात त्यांच्यावर बसतो.

३) ठिकाण, गाणी, एसी हे सगळे निघण्यापूर्वी लावा. वाटेत बदल हवा असेल तर शेजारी बसलेल्याला सांगा. एकटे असाल तर गाडी बाजूला घ्या.

४) धुके घालवण्याचे बटण पावसाळ्याआधी शोधून ठेवा. घाटात पहिल्या सरीला ते शोधण्याची ही वेळ नव्हे.

५) आपल्या बसण्याच्या जागेवरून डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचे अंतर टेपने मोजा आणि नेत्रतज्ज्ञांना सांगा. मधल्या अंतराचीही सोय असलेला चष्मा मिळतो.

६) रात्री पडद्याचा उजेड कमीत कमी ठेवा.

घरातील मुलांना एक विनंती. वडिलांना “सवय होईल” म्हणून मोकळे होऊ नका. एक संध्याकाळ शेजारच्या सीटवर बसा, न चिडता दाखवा, आणि तीच गोष्ट चार वेळा विचारली तरी चार वेळा सांगा.

ज्यांना गाडी घ्यायची आहे, त्यांनी शोरूममध्ये पडद्याचे इंच मोजण्याआधी एक परीक्षा घ्यावी. चालकाच्या जागी बसून डोळे मिटावेत आणि एसी कमी, आवाज बंद, काचेवरचे धुके साफ, ही तीन कामे करून पाहावीत. जमली तर गाडी आपल्या हाताला धार्जिणी आहे. नाही जमली, तर विक्रेत्याला स्पष्ट विचारावे की इतके पैसे मोजून एक साधे बटण का मिळत नाही. गिऱ्हाइकांनी विचारले म्हणून कंपन्यांनी बटणे परत दिली आहेत, आणि पुन्हा विचारले तर पुन्हा देतील.