कोरफड लावायची की प्यायची?

कोरफडीची एक तरी कुंडी बऱ्याच घरांच्या गॅलरीत असते. दिसायला छान, पाणी कमी लागते, आणि दृष्ट लागू नये म्हणून काही जण ती दारावर उलटीही टांगतात. पानांत पाणी साठवलेले असल्याने मातीशिवायही ती बरेच दिवस हिरवी राहते. याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती रोज उपाशीपोटी घरी काढलेला रस पिण्याबद्दल.

पान आडवे कापून पाहा. सालीलगत पिवळा, कडू चीक असतो आणि आत पारदर्शक गर. दोन्हींचे गुण वेगळे आहेत. गरात बहुतांश पाणीच असते. तो त्वचेला थंडावा देतो. चिकात अलॉइन नावाचे तीव्र रेचक असते. हाच चीक आटवून काळा बोळ तयार होतो. अख्खे पान मिक्सरमधून काढले की हा चीकही पोटात जातो.

परिणाम काय? पोटात मुरडा, जुलाब, आणि असे बरेच दिवस चालले तर रक्तातील पोटॅशियम कमी होते. डिगॉक्सिन किंवा लघवी होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके त्यामुळे बिघडू शकतात. गरोदर व स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, लहान मुले आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी तर हा रस टाळावाच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्ये कोरफडीची रेचके चिठ्ठीविना विकणे बंद केले.

"पण डॉक्टर, हे तर नैसर्गिक आहे!" अहो, धोतराही नैसर्गिकच आहे. आयुर्वेदात कोरफड आहे, पण तिथेही मात्रा वैद्य ठरवतात, मोबाइलवर आलेला मेसेज नाही. आणि रस सुरू केला म्हणून मधुमेहाच्या गोळ्या कृपया बंद करू नका.

त्वचेसाठी मात्र जरूर वापरा. कापलेले पान दहा-पंधरा मिनिटे उभे ठेवून चीक निथळू द्या, धुवा, साल काढा. गर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा लावून एक दिवस थांबा. खाज किंवा लाली आली तर वापरू नका. किरकोळ भाजल्यास प्रथम २० मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा, मग गर लावा. फोड आले असतील किंवा जखम खोल असेल तर काहीही न लावता डॉक्टरांकडे या.

माझे मत सरळ आहे: कोरफड लावा, पिऊ नका. पीत असाल, तर पुढच्या तपासणीला तसे आवर्जून सांगा. बरेच रुग्ण हा रस औषधांत मोजतच नाहीत.