धर्मकाटा

दवाखान्यात बाळ आले, की तपासण्यापूर्वी त्याला काट्यावर ठेवतात. बालरोगतज्ज्ञाचे सारे शास्त्र त्या आकड्यावर उभे आहे. तापाचे औषध, प्रतिजैविक, सलाइनचे थेंब, साऱ्यांचा हिशेब किलोमागे. दहा किलोच्या मुलाला वीस किलोच्या मुलाची मात्रा दिली गेली, आणि चूक ध्यानात आल्यावर दंड भरून तीच मात्रा पुढे चालू ठेवावी असे कोणी सुचवले, तर आपण त्याला वेड्यात काढू. आपल्या महामार्गांवर मात्र नेमके हेच चालते.

आपणा इंदूरच्या मराठी मंडळींची सोयरीक नाशिक-पुण्याकडची. त्यामुळे आग्रा-मुंबई रस्ता आपल्या अंगवळणी पडलेला. राऊ सोडले, की मानपूरनंतरचा घाट, मग खलघाटचा नर्मदेवरील पूल, सेंधव्यापुढे बिजासनचा उतार आणि तो संपता संपता महाराष्ट्र. त्याच वाटेवर, धुळे जिल्ह्यातील पळासनेर येथे ४ जुलै २०२३ रोजी खडी घेऊन चाललेला एक ट्रक वाहनांना धडकत रस्त्याकाठच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसे दगावली. त्यांतील काही बसची वाट पाहत उभी होती. ब्रेक निकामी झाल्याचे वर्तमानपत्रांत आले. घाटातील अपघातांच्या बातम्यांत हे दोन शब्द इतक्या वेळा येतात, की ते दैवगतीसारखे वाटू लागतात.

वस्तुतः ब्रेक निकामी होण्यामागे साधे पदार्थविज्ञान आहे. उतरत्या वाहनाची सारी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते. वजन दीडपट झाले, की उष्णताही दीडपट होते. ड्रम तापतो, त्याची पकड ढिली पडते आणि चालक पाय कितीही दाबत राहिला तरी गाडी थांबत नाही. त्यातच डिझेल वाचवण्यासाठी कोणी गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, तर इंजिनाचा आधारही सुटतो. रस्त्याची गत तर याहून वाईट. त्याची हानी अ‍ॅक्सलवरील भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. म्हणजे भार दीडपट तर हानी पाचपट, आणि दुप्पट तर सोळापट. पावसाळ्यानंतर आपण ज्या खड्ड्यांच्या नावाने बोटे मोडतो, त्यांतील कित्येक या जादा मालाने खोदलेले असतात.

कायदा दुबळा आहे असे म्हणण्याची सोय नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या १९४ व्या कलमातील दंड २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २ हजार रुपये झाला. त्याच कलमात दुसरे वाक्य आहे : जादा माल उतरवल्याशिवाय वाहन पुढे जाऊ द्यायचे नाही. सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर २००५ मध्ये, शुल्क घेऊन जादा भाराला मुभा देणारी काही राज्यांची पद्धत बेकायदा ठरवली होती. दंड भरला म्हणून जादा वजन क्षम्य होत नाही, हाच त्याचा मथितार्थ. प्रत्यक्षात पावती फाटते, ट्रक सुटतो आणि ती पावतीच पुढच्या घाटाचा परवाना ठरते. जो दंड भाड्यात मिळवता येतो, त्याला दंड म्हणायचे कशाला? तो व्यवसायाचा एक खर्च झाला.

जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने भारमर्यादाच वाढवली. तीन अ‍ॅक्सलच्या ट्रकचे मालासह वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेले. व्यापाराची अडचण समजून दिलेली ही सवलत होती. पण मर्यादा सरकली म्हणून ती ओलांडण्याची सवय आपोआप सुटत नाही.

उतरवलेला माल ठेवायचा कोठे, नासका माल असला तर काय, गरीब चालकाने काय करावे, हे प्रश्न खरे आहेत. म्हणूनच तपासणी माल भरतो तेथे व्हावी असे मला वाटते. पीठमपूरच्या कारखान्याच्या, मंडीच्या, खडीच्या खाणीच्या दारातच धर्मकाट्याची चिठ्ठी बिल्टीला जोडल्यावाचून गाडी बाहेर पडू नये. टोलनाक्यापाशी माल उतरवण्यास जागा असावी, आणि तो खर्च माल भरणाऱ्याकडून वसूल व्हावा. चालकाला ‘नाही’ म्हणण्याची ताकद फार थोडी असते. भार लादणारा मात्र घाटात कधीच नसतो.

आता आपल्या घरचा काटा. व्यावसायिक वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी नमुना १-अ हे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. दृष्टी, रातांधळेपणा, श्रवण यांची विचारणा त्यात आहे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, मी नुकताच एम.डी. झालो असताना, एका बालरुग्णाचा बाप असा कागद घेऊन आला. तो क्लीनरचा ड्रायव्हर होऊ पाहत होता. बाहेर गर्दी होती, भिंतीवर दृष्टितक्ता नव्हता. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि सही केली. पैसे घेतले नाहीत, याचे तेव्हा समाधानही वाटले. आज त्या सहीची लाज वाटते. रात्रीच्या घाटात त्याला किती दिसत होते, हे मी तपासलेच नव्हते. टोलनाक्यावरची पावती आणि माझी ती सही यांत मला फरक करता येत नाही.

२०२२ साली देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत अठरा वर्षांखालील मुले साडेनऊ हजारांच्या घरात होती, म्हणजे दररोज सव्वीस. ज्या मुलांची लस चुकू नये म्हणून आपण त्यांच्या आयांना तारखा लिहून देतो, तीच ही मुले.

सहकारी मित्रहो, आपल्या संस्थेने दोन गोष्टी कराव्यात अशी माझी विनंती आहे. तपासल्यावाचून एकही नमुना १-अ सही न करण्याचा ठराव सभासदांनी करावा, आणि वर्षातून एक दिवस ट्रान्सपोर्टनगरात चालकांचे डोळे, कान, रक्तदाब तपासण्याचे शिबिर भरवावे. त्यानंतर शासनाकडे कलमातील दुसऱ्या वाक्याची अंमलबजावणी मागायला आपण मोकळे होऊ. मागणाऱ्याचा स्वतःचा काटा आधी खरा असावा लागतो.