वाडीतला ईस्टर आणि बांधाबांध

यंदा ईस्टर ५ एप्रिलला, आणि महिनाअखेर आम्ही वसई सोडून वडोदऱ्याला चाललोय. ह्यांची बदली. घरात एकीकडे खोकी भरताहेत, दुसरीकडे फुग्यांचं पीठ आंबतंय.

भांडीकुंडी बांधणं सोपं हो, वाडी कशी बांधायची? कोंबड्या शेजारच्या काकूंनी नेल्या. खुडूक बसलेली एक तेवढी राहिलीय. २१ दिवस पुरे होईपर्यंत तिला हलवायचं नाही. धाकटीला रंगवायला अंडी हवीत, ती बाजारातून आणू.

केळीचे मुनवे मात्र प्रवासाला पक्के. मामंजी तलवारीसारख्या अरुंद पानांचेच निवडतात. रुंद पानांचे दिसायला गोंडस, पण कंद अशक्त. मुळं छाटून चार मुनवे गोणपाटात बांधलेत. तिकडच्या उन्हात आधी सावलीत रुजवावे लागतील.

मामंजी स्वतः मात्र यायला तयार नाहीत. आमच्या वाडीत बावखल आहे, म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं तळं. त्यामुळे विहिरीला गोडं पाणी टिकतं. “उन्हाळ्यात गाळ कोण काढणार?” एवढंच ते विचारतात. ह्यांच्याकडे उत्तर नाही. सासूबाई कुठे राहणार, हे अजून कुणी बोलत नाही.

झावळ्यांच्या रविवारी आणलेली झावळी त्यांनी सामानात घालू दिली नाही. पुढच्या राखेच्या बुधवारी ती इथल्याच चर्चमध्ये जाळायला द्यायची. तो बुधवार १० फेब्रुवारीला येतो. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणून मी कॅलेंडरवर १२ डिसेंबरला खूण करून ठेवलीय.